दोन चिलखतं

खाली वेशीसमोर माझ्या वडिलांनी, तिमांद्रोसांनी, नुकताच एक शत्रू पाडला होता. भाला त्याच्या जबड्यातून शिरून मानेतून निघाला होता. छातीवर पाय रोवून बाबांनी तो उपटला, तेव्हा त्याच्याबरोबर दातही आले. मी आणि काकू तटावरून पाहत होतो.

"दादा, फीर मागं!" दामोन काका ओरडले. "ते येतायत!"

"याचं चिलखत सोडून? मग पंगतीत मांसाचा पहिला तुकडा कुठल्या तोंडानं घेऊ? तू ढाल धर, बडबड नको."

काशाचं चिलखत उतरवून आणलं नाही, तर आमच्याकडे तो माणूस मारलाच नाही असं धरतात. बाबा वाकले. पट्ट्याची गाठ रक्ताने घट्ट झाली होती, तिला त्यांनी दात लावले. तेवढ्यात लेओक्रात नावाच्या शत्रू-सरदाराचा भाला त्यांच्या काखेत घुसला.

गाण्यांमध्ये वीर कोसळतात ते झाडासारखे. बाबा गुडघ्यांवर बसले, फेसाळ रक्त ओकले आणि कुशीवर कलंडले.

मला आता एकच हवं होतं, बाबा घरी यायला हवे होते. त्यांना न्हाऊ घालायचं, डोळे मिटायचे, चिता रचायची. अग्नी न मिळालेला माणूस पाताळाच्या दाराबाहेर ताटकळत राहतो.

लेओक्रातने त्यांचं चिलखत सोलून काढलं. "ए धाकट्या, भावाचं उरलंसुरलं घेऊन जा! कुत्र्यांपुरतं ठेवलंय!"

तो हसत असतानाच काकांनी त्याच्या ओटीपोटात भाला खुपसून फिरवला. बाहेर आलेली आतडी दोन्ही हातांनी धरून तो बसला आणि तसाच मेला. त्याची माणसं मागे हटली.

वाट मोकळी होती. काकांनी बाबांना खांद्यांना धरून ओढायला सुरुवात केली.

"काका, बाबांना आणा! बाकी राहू द्या!"

"गप गं," काकू म्हणाली. "रिकाम्या हातानं परतायला ते काय मेंढपाळ आहेत?"

काकांनी वर पाहिलं. तटावर सगळं गाव होतं. त्यांनी बाबांना खाली ठेवलं, लेओक्रातकडे वळले आणि त्याचे पट्टे कापू लागले.

लोक त्यांच्या नावाने गर्जत होते. माझं ओरडणं त्यात बुडालं. दोघे शत्रू धावत आले आणि बाबांचे पाय धरून त्यांना फरफटत घेऊन गेले. डोकं दगडांवर आपटत होतं. वाटेतल्या प्रत्येक शत्रूने त्यांच्या अंगात भाल्याचं टोक खुपसलं.

काका वेशीतून आत आले, तेव्हा त्यांच्या खांद्यांवर दोन चिलखतं होती.

"बघ पोरी, तुझ्या बापाचंही सोडवून आणलं."

"आणि बाबा?"

"माझ्या जागी दादानं हेच केलं असतं."

ते खरं होतं. मी बाबांचं चिलखत त्यांच्या हातातून घेतलं. आतून, काखेपाशी, ते अजून ओलं होतं. ते मांडीवर ठेवून मी पाणी मागवलं.