चादरीखालची रबरी चटई

मी न्हाणीघरातली रबरी चटई बोलतेय. हसू नका. माझ्या पाठीवर बारीक खाचा आहेत आणि पोटाला फरशीला चिकटणाऱ्या वाट्या. ओल्या जागी माणसाचा पाय धरून ठेवायचा, एवढ्यासाठीच मला साच्यात ओतलं. कारखान्यातून निघताना वाटलं होतं, आपण आता जीव वाचवणार. कसलं काय!

मला आणलं आजीसाठी. आजी सत्तरी उलटलेली, पण रोज सकाळी बॅडमिंटन खेळायला जायची आणि निम्म्या वयाच्या लोकांना घाम फोडायची. मुलगा म्हणाला, "आई, खास तुझ्यासाठी आणलीय. चांगली महागातली आहे." त्या 'महागातली'नेच माझा घात केला.

सूनबाईंनी मला अंथरलं, डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, "इतकी छान आहे, चार दिवसांत काळी पडेल." झालं. जुन्या चादरीचा तुकडा फाडून माझ्यावर घातला. या घरात सोफ्याला कव्हर, कव्हरावर चादर, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी. मग मी एकटी कशी उघडी राहणार? पाहुणे आले की घरचे तेवढ्यापुरता तो तुकडा उचलायचे. म्हणजे पाहुण्यांचे पाय माझ्या हवाली आणि आजीचे देवाच्या.

एका सकाळी आजी खेळून आली, आंघोळ केली आणि दाराकडे वळली. ओला तुकडा पायाखालून सर्रकन निघाला. मनगट मोडलं. मी मात्र खाली फरशीला घट्ट चिकटून होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी घरात सभा भरली. शेजारीणबाई म्हणाल्या, "या वयात कशाला त्या उड्या?"

मुलगा म्हणाला, "मी सांगतच होतो. आजपासून बॅडमिंटन बंद."

"अरे, मी न्हाणीघरात पडले," आजी म्हणाली.

"तेच ते," मुलगा म्हणाला.

आजीचे बूट माळ्यावर गेले. आणि सूनबाईंनी तो तुकडा स्वच्छ धुतला, उन्हात वाळवला आणि पुन्हा माझ्यावरच अंथरला. कपाळावर हात मारून घेतला असता, पण मला ना कपाळ ना हात.

मग सुरू झाली सेवा. पाणी हातात, जेवण हातात. "उठू नकोस, पडशील." बसून बसून आजीच्या पिंढऱ्या सुकल्या. प्लास्टर निघालं तरी ती भिंत धरून चालायला लागली. आता पडली तर खुबाच जायचा, या धास्तीने मी फरशीला आणखी घट्ट चिकटायचे.

काल ती दारापर्यंत आली आणि थांबली. मागे मुलगा होताच.

"ते फडकं आधी उचल," आजी म्हणाली.

"अगं आई, चटई खराब होईल."

आजीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मी झाले ना खराब? आता तिची पाळी."

मुलगा वाकला आणि तुकडा उचलला.

आजीने पहिल्यांदाच माझ्यावर अनवाणी पाऊल ठेवलं. किती हलकं झालं होतं ते. होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी ते धरलं. बाबांनो, मला खुशाल काळी पडू द्या. आणि माळ्यावरचे बूट काढून तिला खेळायला जाऊ द्या. घरातलं मी बघते.