कोपऱ्यातला आकडा

"एकच चित्र उघडलं." वहिनीने सीडी टेबलावर ठेवली. "डॉक्टर म्हणाले, बाकीची कुठे गेली ते खाली विचारून या."

"आणि तेही टाळूचं," मागून थोरला आला. "टक्कल तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. त्यासाठी त्या नळकांड्यात कशाला घातलंत मला?"

धाकटा कसाबसा हसला. चूक त्याचीच होती. मेंदूच्या एमआरआयची सगळी चित्रे नव्या यंत्रातून एकाच फाइलमध्ये येत, काकडीच्या चकत्या एकावर एक रचाव्यात तशी. वरच्या मजल्यावरचा डॉक्टरांचा जुना संगणक त्यातली पहिलीच चकती दाखवी. म्हणून फाइल सोडवून प्रत्येक चित्र सुटे करून देणे हे खाली एमआरआयच्या खोलीत बसणाऱ्या धाकट्याचे काम. सोडवताना कधी क्रम बिघडे, टाळूनंतर एकदम कान येई. त्यामुळे शेवटी सगळी चित्रे नजरेखालून घालावी लागत. तो फक्त कोपऱ्यातला आकडा बघे. मधले चित्र बघायचे नाही, असा त्याने नेमच केला होता, कारण बाहेर बसलेली पेशंटची माणसे आधी त्याच्या तोंडाकडे बघत आणि त्याला काही लपवणे जमत नसे.

आज थोरल्याच्या नावाची फाइल उघडायचा धीरच झाला नाही. त्याने ती तशीच सीडीवर घातली होती.

"किती वेळ लागेल, भावजी?"

"पाच मिनिटं. तुम्ही दोघं बाहेर बसा ना."

"बाहेर पंखा नाही," म्हणत थोरला खुर्ची ओढून बसला. हातातला कप सुटायला लागल्यापासून तो जरा जास्तच थट्टा करी.

चित्रे सरकू लागली. आकडे बरोबर होते. मग नजर कोपऱ्यातून मधल्या चित्रावर घसरली. डावीकडे एक पांढरा ठिपका होता. पुढे तो वाटाण्याएवढा झाला, आणखी पुढे लिंबाएवढा. धाकट्याचे बोट थांबले.

"का रे थांबलास? रिकामं निघालं का? मास्तर म्हणायचेच तसं."

"क्रम बघतोय, दादा."

वहिनी धाकट्याच्या खांद्यामागे उभी होती. तिने पडद्याकडे बघितले, मग त्याच्या तोंडाकडे. एक पाऊल टाकून ती पडद्याच्या आणि थोरल्याच्या खुर्चीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"अगं, सरक की जरा. माझंच डोकं आहे, मला तरी बघू दे."

"तुम्हाला काय कळणार आहे त्यातलं?" तिचा आवाज नेहमीसारखाच होता, थोडा करडा. "भावजी, तुम्ही चालू ठेवा."

धाकट्याने पुढचे चित्र आणले, मग त्याच्या पुढचे. थोरल्याने एका बाजूने मान काढून पाहिली, मग दुसऱ्या बाजूने. मग तो तिच्या पाठीकडे बघत बसला. शेवटचे चित्र येऊन गेले, पडदा काळा झाला, तरी वहिनी सरकली नाही.