अण्णांची टाच

मिहिरने बादलीतून इंजिनाचं कव्हर चिमट्याने वर काढलं, तेव्हा ते काळंठिक्कर पडलं होतं आणि अजून फसफसत होतं.

"चिकटा तर निघाला," तो म्हणाला.

सुकन्याने चिमटा भावाच्या हातून ओढून घेतला आणि कव्हर नळाच्या धारेखाली धरलं. डाईंगच्या कारखान्यातल्या कुठल्याशा मित्राने त्याला सांगितलं होतं, कॉस्टिक सोड्यात सगळं साफ होतं. लोखंडी भाग झालेही होते. कव्हर ॲल्युमिनियमचं होतं, आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो हे शाळेत शिकवतात. पण मिहिर शाळेत नेमकं काय करायला जात असे, हे त्या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होण्यात त्याचा जन्म गेला.

अण्णांना जाऊन येत्या रविवारी वर्ष होत होतं. वर्षश्राद्धाला त्यांची जुनी येझदी मोटरसायकल दुरुस्त करून दारात उभी करायची, ही टूमही मिहिरचीच. सुकन्याला त्या गाडीतलं एकच हवं होतं. अण्णा नोकरीभर भिवंडीहून वज्रेश्वरीच्या शाळेत शिकवायला जात. गिअर टाकताना त्यांची टाच या कव्हरवर घासे. घासून घासून तिथे बोटभर लांब, उथळ खळगा पडला होता. डोळे मिटले तरी अंगठ्याला सापडायचा. त्यांचे कपडे वाटून झाले होते, चष्माही कोणाला तरी दिला होता. टाच उरली होती. आता तीही काळी आणि खरखरीत.

"गॅरेजवाल्या देवेशकडे देतो. बफ मारून चकचकीत करून देईल," मिहिर म्हणाला.

"तू आता कशालाच हात लावू नकोस."

"बरं, ताई," म्हणून तो बादली ओतायला गेला.

कॉलेजातून आली की ती मागच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बसू लागली. वॉटर पेपर पाण्यात भिजवायचा, घासायचं, काळा लगदा पुसायचा. आधी जाड पेपर, मग बारीक. टाचेला तिने हात लावला नाही, भोवतीनेच घासत राहिली. बाकीचं कव्हर उजळत गेलं तसा तो खळगा डागासारखा उठून दिसायला लागला.

तो तसाच ठेवता आला असता. पण खिशात हात घालून पाहुण्यांसमोर उभा असलेला मिहिर तिला दिसला. ताईला तेवढं नाही जमलं, असं हसत सांगणारा. तिने पेपर बोटाला गुंडाळला आणि खळग्यात अगदी हलक्या हाताने सुरुवात केली.

कॉस्टिकने पाडलेले खड्डे बारीक होते. एक गेला की त्याखाली दुसरा निघे. घासता घासता तिला अण्णांच्या अस्थींचा कलश आठवला. हा शहाणा तो रिक्षात विसरून घरी आला होता. रिक्षावालाच बिचारा परत घेऊन आला. तिने जोर वाढवला. असल्या माणसाच्या हाती बापाची वस्तू द्यायची. आणखी जोर.

मग तिने कव्हर धुतलं. कुठेही काळं राहिलं नव्हतं. तिने अंगठा फिरवला. मग डोळे मिटून पुन्हा फिरवला.

रविवारी सकाळी मिहिर कव्हर बसवायला आला. स्क्रू लावण्याआधी त्याचा अंगठा आपसूक त्या जागेवर गेला, दोनदा मागेपुढे झाला आणि थांबला. त्याने सुकन्याच्या बोटांकडे पाहिलं. नखांत अजून काळं होतं.

"छान चमकतंय," म्हणून त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला.

याला काही कळलं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

अकलोलीहून गोदूआत्या आली. चपला काढायच्या आधी भावाच्या गाडीपाशी वाकली आणि कव्हर चाचपत राहिली.

"अण्णाची टाच कुठे गेली रे?"

"माझ्यामुळे गेली, आत्या," मिहिर म्हणाला. "कॉस्टिकमध्ये बुडवलं ना मी."

"कार्ट्या, बापाची एवढी खूण नाही राखता आली तुला?" आत्या वळली. "आणि तू गं? तू होतीस ना इथे?"

सुकन्याने पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळून घेतलं.

"होते की. पण त्याला सांगून कधी काही कळलंय का, आत्या?"

मिहिरने मान डोलावली आणि आत्याला खुर्ची आणायला आत गेला.