सात नव्हे, दोन विसा

लग्न होऊन आली तेव्हा येसेनियाने सासरी छातीठोकपणे सांगितलं होतं, "ओतोमी? मला सगळी कळते." भाषा तिच्या आईबापांचीच, पण पोर वाढली पचूका शहरात, आणि घरात ओतोमी निघायची ती फक्त आईबाप भांडायला लागले की. सासू आमान्सिया चुलीपाशी भाकऱ्या थापताना सारखी काहीतरी सांगत असायची. येसेनिया मान डोलवायची, "हं, हं" करायची, मध्येच हसायची. वर्षभर निभून गेलं.

यंदा जत्रेत बँडवाल्यांना जेवू घालायचा मान त्यांच्या घराला मिळाला होता. आदल्या दिवशी सासू मका दळायला गेली असताना चुलत सासरे सिरेनियो दारातूनच काहीबाही ओरडून गेले. येसेनियाला 'बँड' कळलं, 'जेवण' कळलं, आणि आकडाही कळला. योतो. दहापर्यंत तिला येत होतंच की.

"आई, सात जण येणारेत," तिने सासू आल्यावर स्पॅनिशमध्ये सांगितलं.

"सातच? दिवस वाईट आलेत बाई," म्हणत सासूने दोन कोंबड्या कापल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात तुतारीवाले शिरले, त्यांच्यामागून ढोलवाले, मग भलेमोठे कर्णे गळ्यात अडकवलेले. रांग संपेचना. दोन गावांचे बँड एकत्र आले होते. बाकं भरली, उरलेले निवडुंगाच्या कुंपणाला लागून उभे राहिले. सिरेनियोंनी पातेल्यात डोकावलं आणि त्यांचा पारा चढला.

"अहो वहिनी, हे काय? मी योते म्हणालो होतो, योते! दोन विसा माणसं! निरोप दिला कुणी तुम्हाला?"

योतो म्हणजे सात. योते म्हणजे दोन विसा, चाळीस. विसांची मोजणी येसेनियाला कुणी शिकवली नव्हती, आणि तिनेही कधी विचारली नव्हती. तिचे कान तापले. ती तोंड उघडणार तेवढ्यात आमान्सिया म्हणाली, "पोरीने बरोबर सांगितलं. माझेच कान गेलेत."

"म्हातारीला एक कर्णा द्या रे कानाला लावायला!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं अंगण हसलं. शेजारणी आपापल्या घरून भाकऱ्या, घेवड्याची उसळ घेऊन धावल्या, म्हणून वेळ निभावली. येसेनिया खाली मान घालून वाढत राहिली.

भांडी घासताना ती कशीबशी म्हणाली, "आई, तुम्ही का..."

आमान्सिया मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आकड्याचं सोड गं. माणूस चुकतं." मग हातातलं पातेलं खाली ठेवलं. "माझी थोरली मुलगी, तापाने गेलेली. तिचं मी तुला सांगितलं होतं, याच चुलीपाशी. या घरात दुसऱ्या कुणापाशी मी तिच्याबद्दल कधी बोलले नाही. आणि तू हसलीस. मला वाटलं, पोर लहान आहे, घाबरून हसली असेल. तुला कळलंच नव्हतं, होय ना?"

येसेनियाला आठवेचना. अशी मुलगी होती हेच तिला आत्ता कळत होतं. तिने ओल्या हातांनी तोंड झाकलं.

"चल, पाणी आण," सासू म्हणाली.

रविवारी देवळाच्या आवारात सगळ्यांसमोर तिने मोडक्यातोडक्या ओतोमीत सांगितलं की चूक आपली होती. "जाऊ दे गं, शहरात वाढलेली तू," सिरेनियो हसून म्हणाले, आणि वळून आमान्सियाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "वहिनी, बरं आहे ना?" बायकाही आता सासूशी ओरडूनच बोलत होत्या. पुढच्या जत्रेचा स्वयंपाक दुसऱ्या घराकडे गेला होता.

येसेनियाला आता विसांनी मोजता येतं, तीन विसा, चार विसा, सगळं. सासूनेच शिकवलं. पण भाकऱ्या थापताना सासू आता फारशी बोलत नाही, आणि त्या मुलीचं नाव काय होतं हे विचारायला येसेनियाची जीभ रेटत नाही.