हसत हसत दिलेला पाय

बाबा गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यात कॉलनीच्या सभागृहात शोकसभा ठेवली होती. कॉलनीचे अध्यक्ष बाबांच्या हयातीत कधी आमच्या दारात फिरकले नव्हते, पण हातात माइक येताच त्यांना चेव चढला. "या वीराने युद्धात हसत हसत पाय दिला!"

माझी मोठी बहीण ताडकन उठली. "हसत हसत? तुम्ही होता का तिथे?"

ती थेट अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली.

"सुरुंग फुटला तेव्हा ते गुरासारखे ओरडले होते. त्यांनीच सांगितलंय. नंतर आई अंथरुणाला खिळली, तेव्हा काखेत कुबडी धरून त्यांनी आमच्या वेण्या घातल्या, स्वयंपाक केला. भात करपला की म्हणायचे, 'लष्करात याहून वाईट खाल्लंय, गुमान जेवा.' ते सांगा की! इथे वरच्या मजल्यावर, वाचनालयात येता यावं म्हणून जिन्याला कठडा लावा, असं ते किती वर्षं विनवत होते. तुम्ही म्हणालात, 'एका माणसासाठी कशाला?' जिवंतपणी त्यांना वर येऊ दिलं नाहीत, आणि आज फोटो मांडलात!"

"ताई, ही वेळ नव्हे," अध्यक्ष घसा खाकरत म्हणाले.

"त्यांनाही तुम्ही हेच ऐकवत होता."

तिने फोटो उचलला आणि ती जिना उतरली. मी तिच्या मागे गेले. मग शेजारी उठले, लष्करानंतर बाबा ज्या गोदामात हिशेब लिहीत, तिथले हमाल उठले. खाली रस्त्याकडेला उभ्या उभ्याच एकेकाने बाबांच्या गोष्टी सांगितल्या. वरून अध्यक्षांचं भाषण ऐकू येत होतं. कोणी वर गेलं नाही.