शालीखालचं मनगट

बेल्ह्याच्या बाजारात त्या दिवशी बैल बाजूला राहिले आणि गर्दी लोटली चिंचेखाली, मूठसोड महाराजांकडे. साल दोन हजार तीन. मीही घुसलो. मी गणिताचा मास्तर. असल्या ठिकाणी न बोलावता जायची मला खोड आहे.

महाराजांपुढं सयाजी बसला होता, आमच्या बाजारातला नावाजलेला दलाल. रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव ठरवावा तर सयाजीनंच. चार महिन्यांपूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात वळला आणि मूठ आवळली ती आवळलीच.

"ह्या मुठीत करणी कोंडलीय!" महाराज गरजले. हातावर भगवी शाल टाकून "सुट, सुट, सुट" पुटपुटले. आणि काय सांगू, शालीबाहेर एकेक बोट उलगडत आलं! बायांनी हात जोडले. सयाजीचे डोळे भरले.

"अजून नऊ बाजार यायचं. दवाखान्याच्या गोळ्या बंदच ठेवायच्या. त्यांच्या उष्णतेनं करणी परत शिरते."

करणीला थर्मामीटर लावला असावा महाराजांनी! पण मला हसू येईना. गोळ्या रक्तदाबाच्या होत्या. त्या चुकल्या तर दुसरा झटका येईल आणि जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं.

"मूठ घरी परत आवळते ना?" मी सयाजीच्या बायकोला, धोंडाबाईला विचारलं.

"आवळती की. गोळ्यांचा अंश हाय म्हनं अजून. गेल्या बाजारी आलो तवापासनं आठ दिस झालं, एक गोळी दिली न्हाई मी. ती बगा पाकिटं, म्हाराजांच्या पायाशी वाहिलीत."

"शाल उचलून बघितलीत?"

"काय मास्तर! कापडाखालचा व्यवहार कुनी उघडा करतं व्हय?"

झालं! रुमालाखालची बोटं तिसऱ्यानं बघायची नाहीत, हा आमच्या बाजाराचा जुना रिवाज. तोच महाराजांच्या पथ्यावर पडला होता.

मी तडक सयाजीच्या घरी गेलो. त्याची पुतणी प्राची पुण्यात फिजिओथेरपी शिकत होती, ती सुट्टीला आली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "मास्तर, शाळेतला फळ्यावरचा लाकडी कोनमापक घ्या."

कोनमापक घेऊन आम्ही तसेच चिंचेखाली परतलो. गर्दीसमोर तिनं काकांचं मनगट सरळ धरलं आणि बोटं हळूहळू उलगडली. जिथं अडकली तिथं, तळव्यापासून किती उघडली ते कोनमापकानं मोजून मी ओरडलो, "तीस अंश!"

"महाराज, आता मंत्र म्हणा. शाल नको, मनगट असंच सरळ ठेवा. पुन्हा मोजू," प्राची म्हणाली.

"मंत्राला आडोसा लागतो, पोरी!"

"का वो?" मेंढरं घेऊन आलेला बहिरू म्हणाला. "देव लाजतोय व्हय?"

हशा पिकला. महाराज चिडून चार वेळा 'सुट' म्हणाले. मी मोजलं. तीस अंश.

मग प्राचीनं मंत्राशिवाय मनगट आत वाकवलं. बोटं आपोआप उलगडली. मनगट सरळ केलं, मूठ आवळली.

"बोटं मिटणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून जातात," ती म्हणाली. "मनगट आत वाकलं की त्या सैल पडतात. शालीखाली एवढंच चाललंय. हाताचा ताठरपणा आहे तेवढाच आहे."

धोंडाबाई नवऱ्याकडे वळली. "तुमाला कळत व्हतं?"

सयाजीची जीभ अजून जड होती. "मनगट वाकवतोय... कळत व्हतं. पन बोटं उघडी दिसली... लई बरं वाटलं गं."

तिला रडू फुटलं. रडतच तिनं महाराजांच्या पायाशी वाहिलेली गोळ्यांची पाकिटं उचलली आणि पदरात बांधली. "चला, आदी दवाखान्यात," म्हणाली. तोवर महाराज एका टेम्पोत चढले होते. शाल तिथंच राहिली.

पुढं गोळ्या, रोजचा व्यायाम आणि झोपताना हाताला आधाराची पट्टी. चार महिन्यांनी त्याच कोनमापकानं, मनगट तसंच सरळ धरून मोजलं. पंचावन्न अंश! रुमालाखाली भाव करणं सयाजीला अजून जमत नाही. पण तो जिवंत आहे, आणि त्या हातात बैलाचा कासरा धरतो.

आता तुम्ही आपला हात सैल सोडा. मनगट आत वाकवा, मग मागं घ्या, आणि बोटांकडे बघा. कुणी चमत्कार दाखवला तर त्याला शाल उचलायला सांगा, आणि आधी-नंतर मोजा. तो रागावला तर खुशाल रागावू दे. गोळ्या मात्र त्याच्या पायाशी वाहू नका.