पोचल्यावरचा केर

माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही, ही आमच्या अकोल्याच्या माहेरची रीत. मी ती अमरावतीला सासरी आणली, आणि अजून पाळते.

काल सकाळी गौरांग, सूनबाई आणि छोटी इशिता टोकिओला परत गेले. नागपूर, तिथून मुंबई, आणि संध्याकाळी मोठं विमान. ते निघायच्या आधीच मी कालची गोपद्मं काढून घेतली होती. चातुर्मासात देवापुढे रोज रांगोळीने गाईची तेहतीस पावलं, तीही झाडलेल्या जमिनीवर. ती झाल्याशिवाय पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. गौरांगचे वडील वारल्यावरही मी हे सवाष्णीचं व्रत सोडलं नाही, तेव्हा दोघीतिघींनी नाकं मुरडली, पण देवाची गाय मला काही म्हणाली नाही.

आज मात्र आंघोळ करून बसले, आणि जमीन तशीच. देवघरापुढे इशिताने सांडलेले मुरमुरे. पोचल्याचा फोन नाही.

शेजारच्या आशाबाई डोकावल्या. वलगावच्या त्या, आवाज आधी येतो.

"काकू, आंगन काहून झाडलं नाई? बरं नाई का?"

"गौरांग पोचल्याचा फोन यायचाय."

"मंग इमान पायतो ना. नंबर सांगा."

नंबर गौरांगने कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. आशाबाईंनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. "हे पाहा. पावनेसात हजार किलोमीटर, आठ तास. पहाटंच उतरलं."

"येतानाही आठच?"

"येतानी दीड तास जास्त दाखवते. वारा आडवा येते म्हने." त्या हसल्या. "पोराइचं असंच हाय. जाची घाई, याले उशीर."

"विमान उतरलं म्हणजे माणूस घरी पोचलं असं नाही, आशाबाई."

"काकू, तुमचा देव का तिकडच्या टॅक्सीची वाट पाहून राहिला? चहा घ्या दोन घोट."

मी घेतला नाही. त्या गेल्यावर फोन लावला. पूर्ण वाजला आणि थांबला. वाजला म्हणजे पोचलेत. आता केर काढायचा, तर पोचूनही त्याला आठवण झाली नाही हे मान्य करायचं. नाही काढला, तर तो अजून वाटेतच आहे.

बारा वाजत आले. माध्यान्ह टळली की नेम मोडणार.

मला आई आठवली. मी माहेराहून निघाले की ती झाडू टेकवून बसायची. एसटी अमरावतीच्या स्टँडात शिरली असेल, असं मनाशी धरायची आणि उठायची. माझा फोन तिला कधीच आला नाही. घरात फोनच नव्हता.

मी उठले. मुरमुरे सुपलीत भरले, देवापुढे ओलं फडकं फिरवलं, रांगोळी घेतली. अर्ध्यात फोन वाजला.

"आई, आल्या आल्या झोपलोच गं आम्ही. काळजी करत बसली असशील."

"नाही रे. पोचलास ते कळलं मला."

"कसं काय?"

"केर काढला मी."

"बरं बरं," तो म्हणाला. मागे इशिता रडत होती. "ठेवतो गं, हिचं दूध."

किती पावलं झाली होती ते विसरून गेले. पुसलं, आणि पहिल्यापासून मांडायला बसले.